आरएफ मेजरमेंटचं बेसिक ट्रेनिंग केलं, त्याबद्दल सविस्तर

मागच्या पावसाळ्यात अँटेना आणि आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) मेजरमेंटचं बेसिक ट्रेनिंग करून आले, नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये, आठवड्याचा कोर्स. तेव्हापासून ओळखीचे बरेच जण विचारतायत की कसं असतं, काय शिकवतात, आपण ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम) करून दहा वर्षं झाली आता झेपेल का वगैरे. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

आधी मी का गेले ते. आमची कंपनी छोटी आहे, पुण्याजवळ, पाण्याच्या मीटरवर बसवायचं वायरलेस मॉड्यूल बनवतो, लोरा (कमी पॉवरमध्ये लांब जाणारं रेडिओ तंत्र) वापरून, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये. माझं काम मुळात फर्मवेअरचं, पण छोट्या कंपनीत अशी वाटणी टिकत नाही, अँटेनाचं बघायला कोणी नव्हतं म्हणून ते माझ्याकडे आलं. टेबलावर मॉड्यूल एकदम व्यवस्थित चालायचं, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या गेटवेपर्यंत (सगळ्या मीटरांचा सिग्नल घेणाऱ्या यंत्रापर्यंत) पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, आरामात जायची, आणि तेच मॉड्यूल जमिनीतल्या खड्ड्यात, पितळी मीटरवर, लोखंडी झाकणाखाली बसवलं की कित्येक मीटरांची पॅकेट गायबच. अँटेना विकणारा म्हणायचा अँटेना ओके आहे, हा बघा ग्राफ. मॉड्यूलवाला म्हणायचा पॉवर पूर्ण निघतेय, हा बघा आमचा ग्राफ. दोघांचे ग्राफ छान होते आणि पॅकेट येत नव्हती. मग आमच्या साहेबांनी सांगितलं की जा, हे मोजायचं कसं ते शिकून ये.

बॅच लहान होती. सांगलीकडच्या एका पॉलिटेक्निकच्या मॅडम, नाशिकचा ड्रोन बनवणाऱ्या कंपनीतला एक मुलगा, कोल्हापूरचे एक हॅम रेडिओवाले काका जे स्वतःच्या पैशांनी आले होते, आणि आणखी काही जण. शिकवायला एक रिटायर झालेले सर आणि लॅब सांभाळणाऱ्या मॅडम. सर थिअरी घ्यायचे आणि मॅडम हाताने करून घ्यायच्या, आणि मला विचाराल तर कोर्सचा जीव मॅडमच्या भागात होता.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकही इन्स्ट्रुमेंट चालू केलं नाही. फळ्यावर फक्त डीबी (डेसिबल, पॉवर कितीपट ते लॉगमध्ये सांगायची पद्धत). आपल्याला वाटतं डीबी येतं आपल्याला, लॉग घ्यायचा आणि दहाने गुणायचं, पण सरांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला लावले आणि तोंडी विचारायला सुरुवात केली. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. ३ वाढले की दुप्पट, १० वाढले की दहापट. मग २० डीबीएम किती, १०० मिलिवॉट. २७ किती, ३० म्हणजे १ वॉट त्यातून ३ काढले, म्हणजे अर्धा वॉट. मोबाइलवर मायनस ९० डीबीएम दिसतं ते किती, तर एक पिकोवॉट, म्हणजे एका वॉटचा एक लाख कोटीवा भाग, आणि तेवढ्यावर आपण घरी बोलतो. लोरा तर त्याच्याही कितीतरी खाली, मायनस १३० च्या पलीकडचं ऐकतं. हे तोंडी गणित हाताशी बसल्यावर पुढचा सगळा आठवडा सोपा गेला. स्क्रीनवर आकडा दिसला की तो शक्य आहे की नाही हे लगेच कळतं, आणि मेजरमेंटमध्ये अर्धी लढाई तिथेच असते. सरांनी आणखी एक सांगितलं जे आमच्या कामाला थेट लागू होतं: उघड्या जागेत ६ डीबी गेले की अंतर निम्मं होतं. अँटेना नीट मॅच नाही (तिचा रोध सर्किटशी जुळत नाही) म्हणून ३ गेले, खोक्यात ३ गेले, झाला की गेटवे निम्म्यावर.

दुपारनंतर कनेक्टर. यावर इतका वेळ देतील असं कोणालाच वाटलं नव्हतं, आणि आता मागे वळून बघते तर हाच भाग सगळ्यात जास्त कामाला येतोय. कॉलेजात आम्ही एक्स बँडच्या मायक्रोवेव्ह बेंचवर प्रॅक्टिकल केली होती, तिथे वेव्हगाइडचे (धातूच्या पोकळ नळ्यांचे) फ्लँज चार स्क्रूंनी जोडायचे आणि रीडिंग घ्यायचं, कनेक्टर नावाची नाजूक वस्तू असते हे तिथे कोणी सांगितलं नव्हतं. इथे मॅडमनी प्रत्येकाच्या हातात भिंग दिलं आणि एकेका एसएमए कनेक्टरच्या (केबल जोडायच्या छोट्या, आट्यांच्या कनेक्टरच्या) आत बघायला लावलं. मधली पिन सरळ आहे का, फार बाहेर आलीय का, पांढऱ्या इन्सुलेटरवर धातूचा कीस पडलाय का, आट्यांमध्ये घाण आहे का. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारा स्वॅब, हलक्या हाताने साफ, आणि सुकू द्यायचं.

जोडताना कनेक्टरचं अंग फिरवायचं नाही, फक्त नट फिरवायचा. अंग फिरवलं की आतल्या पिना एकमेकींवर घासतात आणि दोन्ही बाजूंचं आयुष्य कमी होतं. शेवटचं घट्ट करणं टॉर्क रेंचने, कॅलिब्रेशन किटच्या (मोजायच्या आधी यंत्र जुळवून घ्यायच्या संचाच्या) साडेतीन मिलिमीटरच्या कनेक्टरला साधारण ०.९ न्यूटन-मीटर, साध्या एसएमएला त्याहून कमी, ०.५६ च्या आसपास, आणि रेंच मान मोडल्यासारखा हलकासा वाकला की तिथेच थांबायचं. नाशिकच्या मुलाने विचारलं की हाताने घट्ट केलं तर काय बिघडतं, तर मॅडमनी वाद न घालता दाखवलंच. एकच लोड (केबलच्या टोकाला लावायचा रोध), एकदा हाताने घट्ट, एकदा रेंचने, पुन्हा हाताने, आणि स्क्रीनवरची रेष जास्त फ्रिक्वेन्सीच्या बाजूला प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. रेंचने केलेल्या सगळ्या रेषा मात्र एकावर एक बसल्या. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही.

एन टाइपचं (आकाराने मोठ्या कनेक्टरचं) तर अजून जपायचं असतं. ५० ओमचा आणि ७५ ओमचा एन कनेक्टर बाहेरून सारखेच दिसतात, आट्यासुद्धा बसतात, पण मधल्या पिनची जाडी वेगळी. ७५ च्या फीमेलमध्ये ५० चा मेल घातला की आतली बारीक बोटं फाकतात आणि तो कनेक्टर संपला. टीव्ही केबलच्या कामात ७५ आणि बाकी बहुतेक ठिकाणी ५०, त्यामुळे ज्या लॅबमध्ये दोन्ही असतात तिथे वेगवेगळ्या कपाटात ठेवावेत असं मॅडमचं स्पष्ट मत. आणि आमच्या बोर्डवर असतो तो इवलासा यूएफएल कनेक्टर, तो उत्पादकाच्या हिशोबाने फक्त ३० वेळा लावायचा-काढायचा. तीस! एसएमएला हाच आकडा ५०० च्या आसपास. आमच्याकडे टेस्टिंगला एकच बोर्ड महिनोन्महिने वापरतात. हे ऐकल्यावर मी तिथूनच ऑफिसला मेसेज टाकला की टेस्टिंगची जुनी बोर्डं बाजूला काढून ठेवा.

आता मुख्य गोष्ट, व्हीएनए म्हणजे व्हेक्टर नेटवर्क अॅनलायझर. हे यंत्र एका पोर्टमधून सिग्नल सोडतं आणि किती परत आला, किती पलीकडे गेला, आणि कुठल्या फेजमध्ये, हे मोजतं. परत आलेला एस११, पलीकडे गेलेला एस२१. अँटेनाच्या बाबतीत आपल्याला आधी एस११ हवा असतो. मॅडमनी पहिल्यांदा कॅलिब्रेशन न करता केबलच्या टोकाला काहीच न लावता स्क्रीन दाखवली. उघडं टोक म्हणजे सगळा सिग्नल परत यायला हवा, सपाट रेष ०डीबीवर. प्रत्यक्षात रेष खाली घसरलेली, वरखाली लाटा, आणि स्मिथ चार्टवर (रोध दाखवायचा गोल आलेख, त्याबद्दल पुढे) एका बिंदूऐवजी गोल गोल फिरलेली गुंतवळ. कारण यंत्राच्या दृष्टीने मोजायला सुरुवात त्याच्या स्वतःच्या पोर्टपासून, आणि मध्ये केबल, अॅडॉप्टर सगळं आलं. दुकानदार बरणीचा धडा करतो आणि मग तेल मोजतो, कॅलिब्रेशन तेच आहे. टोकाला क्रमाने शॉर्ट (आतून जोडलेलं टोक), ओपन (उघडं टोक), लोड (५० ओमचा रोध) लावायचे, दोन पोर्ट असतील तर शेवटी दोन्ही केबल एकमेकींना जोडून थ्रू घ्यायचं, आणि यंत्र हिशोब करून केबलचा वाटा वजा करतं. त्यानंतर मोजणी सुरू होते ती बरोबर त्या टोकापासून जिथे तुम्ही किट लावलं होतं. त्या जागेला रेफरन्स प्लेन म्हणतात.

मला या संपूर्ण कोर्समधून एकच गोष्ट सांगायची असेल तर ही, की समोर दिसणारा आकडा कुठपासून मोजलाय हे माहीत नसेल तर तो आकडा कोणाच्याही उपयोगाचा नाही. अँटेनावाल्याचा ग्राफ त्याच्या स्वतःच्या टेस्ट बोर्डच्या कनेक्टरपासून मोजलेला होता. मॉड्यूलवाल्याचा त्याच्या पिनपासून. आणि आमच्या बोर्डवरचा त्या दोन्हींच्या मधला ट्रेस, मॅचिंगची जागा, खोकं, मीटर, झाकण, हे कोणाच्याच ग्राफमध्ये नव्हतं. दोघंही खरं बोलत होते.

कॅलिब्रेशन झाल्यावर ते बरोबर झालंय का हे तपासायची पण पद्धत आहे. सगळ्यांना वाटतं की ओपन परत लावला की स्मिथ चार्टच्या उजव्या टोकाला एकच ठिपका दिसायला हवा. आमचा ओपन दिसला तो ठिपका नव्हता, काठाकाठाने जाणारी छोटी कमान होती, आणि पॉलिटेक्निकच्या मॅडम म्हणाल्या पुन्हा करूया, चुकलं. तर लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "नाही, बरोबर झालंय. ठिपका आला असता तर मी पुन्हा करायला लावलं असतं." कारण खऱ्या ओपनच्या तोंडाशी थोडी कपॅसिटन्स असतेच, किटच्या माहितीत ती भरलेली असते, आणि फ्रिक्वेन्सी वाढेल तशी ती कमान दिसलीच पाहिजे. ठिपका दिसतो तेव्हा बहुतेक वेळा यंत्रात चुकीचं किट निवडलेलं असतं. हे पुस्तक वाचून मला कधी कळलं नसतं.

स्मिथ चार्टबद्दल दोन शब्द. फिलिप स्मिथ नावाच्या बेल लॅब्जच्या इंजिनिअरने तो १९३९ मध्ये छापून आणला, तेव्हा तो हाताने गणित करायचा त्रास वाचवायला होता. आता गणित कॉम्प्युटर करतो तरी चार्ट गेला नाही, कारण त्यावर एका नजरेत कळतं की अँटेनाला कॉइल लावायचा की कपॅसिटर. वरचा अर्धा भाग इंडक्टिव्ह, खालचा कपॅसिटिव्ह, मधोमध ५० ओम. कॉलेजात आपण पेन्सिल कंपासने त्यावर प्रश्न सोडवतो आणि परीक्षा झाली की विसरतो. इथे बोर्डवर खरोखरचा २ नॅनोहेन्रीचा कॉइल बदलून ३.३ चा लावला आणि स्क्रीनवरचा वक्र डोळ्यांसमोर सरकला, तेव्हा मला तो चार्ट खऱ्या अर्थाने समजला.

तिसऱ्या दिवशीचे प्रयोग मी अजून लोकांना सांगत असते. सरांनी टेबलावर १० मीटर आरजी-५८ केबलची गुंडाळी ठेवली, एक टोक यंत्राला, दुसरं टोक झाकलेलं, आणि विचारलं, ९०० मेगाहर्ट्झला रिटर्न लॉस (परत येणारी पॉवर किती डीबीने कमी आहे) १० डीबी आहे, अँटेना कशी वाटते? आम्ही म्हटलं ठीक आहे, १० डीबी म्हणजे दहा टक्के पॉवर परत, चालेल. त्यांनी कापड काढलं तर टोकाला काहीच नव्हतं. उघडी केबल. तेवढी आरजी-५८ त्या फ्रिक्वेन्सीला जाताना ५ डीबी खाते आणि येताना ५, झाले १०. म्हणजे केबल जितकी खराब, अँटेना तितकी चांगली दिसते. कोल्हापूरचे काका एकदम उठून उभे राहिले, म्हणाले माझ्या गच्चीवरची केबल पावसात पाणी शिरून खराब झालीय आणि गेल्या वर्षापासून एसडब्ल्यूआर (मॅच किती चांगला ते सांगणारा आकडा) सुधारलाय म्हणून मी खूश होतो. लगेच पुढचा प्रयोग, ५० ओमचा साधा डमी लोड. रिटर्न लॉस ३० डीबीच्याही वर, अख्ख्या बँडमध्ये, डेटाशीटवर छापावा असा ग्राफ. आणि हवेत जातं शून्य, सगळ्याची उष्णता होते. त्यामुळे कोणी फक्त एस११ दाखवून अँटेना चांगली आहे म्हणालं तर ते पुरेसं नाही. मॅच चांगला असणं आणि रेडिएशन होणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही मोजाव्या लागतात.

रेडिएशनचा अंदाज घ्यायची एक साधी पद्धत पण करून घेतली, व्हीलर कॅप. छोट्या अँटेनावर धातूचा डबा उपडा ठेवायचा, त्याची त्रिज्या साधारण तरंगलांबी भागिले २π, ८६६ मेगाहर्ट्झला साडेपाच सेंटीमीटर येते. डब्यामुळे बाहेर जाणारी पॉवर बंद होते, उरतो तो फक्त अँटेनातला लॉस. डब्याशिवाय आणि डब्यासकट एस११ मोजायचा आणि दोन्हींवरून एफिशियन्सी (दिलेल्या पॉवरपैकी किती बाहेर पडते) काढायची. चेंबर (अँटेना मोजायची खास खोली) नसलेल्या आमच्यासारख्या कंपन्यांना हे फार कामाचं आहे, फक्त डब्याचा काठ खालच्या ग्राउंडला सगळीकडून नीट टेकला पाहिजे.

आणि मग केबलचा प्रयोग. आमचं मीटरचं बोर्ड मी सोबत नेलं होतं, त्याच्या स्प्रिंगसारख्या अँटेनाच्या तोंडाशी बारीक कोॲक्स सोल्डर करून व्हीएनएला जोडली, छान डिप दिसला (एस११ च्या रेषेतला खड्डा, तिथे कमीत कमी सिग्नल परत येतो). मॅडम म्हणाल्या, "ताई, आता ती केबल मधेच हातात धरा बरं." धरली, तर डिप सरकला. हात बोर्डपासून चांगला वीतभर लांब, केबल शील्डेड, तरी. बोर्ड छोटं असतं तेव्हा त्याच्या ग्राउंडवरचा करंट केबलच्या बाहेरच्या जाळीवरून वाहायला लागतो आणि केबलच अँटेनाचा भाग होऊन बसते, म्हणजे आपण मोजतो ती अँटेना आपल्या प्रॉडक्टमध्ये नसतेच. उपाय म्हणजे केबलवर बोर्डच्या जवळ फेराइटचे मणी ओवायचे आणि केबल अँटेनाच्या उलट दिशेने, ग्राउंड जिथे शांत असतो तिथून काढायची. मणी घातल्यावर धरून बघितलं, डिप जवळजवळ हललाच नाही. हात लावून बघणं ही टेस्ट फुकट आहे आणि आता मी प्रत्येक मोजणीच्या आधी करते.

स्पेक्ट्रम अॅनलायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती पॉवर आहे ते दाखवणारं यंत्र) त्यामानाने लवकर उरकलं. मुख्य मुद्दे असे की आत जाणारी पॉवर आधी हिशोब करून बघायची, शंका असेल तर अॅटेन्युएटर लावायचा, डीसी चालतं का ते पोर्टवर लिहिलेलं वाचायचं, आणि आरबीडब्ल्यू (यंत्र एका वेळी किती रुंद पट्टा बघतं) समजून घ्यायची. आरबीडब्ल्यू दहापट कमी केली की नॉइज फ्लोअर (यंत्राच्या स्वतःच्या खरखरीची पातळी) १० डीबी खाली जातो, पण स्वीपला वेळ लागतो. एक तुकडा वायर लावून आधी एफएम बँड बघितला, ८८ ते १०८, मुंबईतली सगळी स्टेशनं एकेक टेकाड होऊन उभी, मग ९३५ ते ९६० मध्ये मोबाइल टॉवर, मग २.४ गिगाहर्ट्झला वायफाय मॅक्स होल्डवर (प्रत्येक जागचा सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवून). ड्रोनवाला मुलगा इथे फारच रमला, त्याच्या कंट्रोलरचा सिग्नल कुठे कुठे उड्या मारतो ते त्याने पहिल्यांदाच बघितलं.

चेंबरच्या दिवसाची सगळेच वाट बघत होते. अॅनेकोइक चेंबर म्हणजे चारी बाजूंनी धातूने मढवलेली खोली आणि आतून भिंती, छत सगळीकडे कार्बन भरलेल्या फोमचे निळे पिरॅमिड. ते लाटा शोषतात, म्हणजे भिंतीवरून परत काही येत नाही. कमी फ्रिक्वेन्सीला फोमची लांबी पुरत नाही म्हणून मागे फेराइटच्या टाइल्स. दाराच्या चौकटीला तांब्याच्या मिश्रधातूची लवचीक बोटं असतात, ती जपायची, पिरॅमिडच्या टोकांना हात लावायचा नाही, मोबाइल बाहेर. एका टोकाला माहीत असलेली अँटेना, दुसऱ्या टोकाला टर्नटेबलवर आपली, फोमच्या खांबावर, आणि टेबल हळूहळू फिरतं तसा पॅटर्न, म्हणजे कुठल्या दिशेला किती सिग्नल जातो ते, काढला जातो.

आत जाण्याआधी सरांनी फ्रीसचं सूत्र लिहिलं. हॅरल्ड फ्रीसने १९४६ मध्ये मांडलेलं, दोन अँटेनांमध्ये अंतर आणि तरंगलांबी माहीत असेल तर किती पॉवर पोचेल. २.४५ गिगाहर्ट्झ, ३ मीटर, हिशोब केला तर जवळपास ५० डीबी पाथ लॉस. मग केबलचे लॉस धरून प्रत्येकाने आपला अंदाज कागदावर लिहायचा आणि त्यानंतर मोजायचं. अंदाजाच्या एका डीबीच्या आत आकडा आला तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. गेन (अँटेना एका दिशेला किती जोर देते, डीबीआयमध्ये मोजतात) काढायची पद्धत त्यामानाने सरळ: आधी स्टँडर्ड गेन हॉर्न ठेवून रीडिंग घ्यायचं, मग तिथेच, त्याच उंचीवर आपली अँटेना. हॉर्न १५ डीबीआयचा आणि आपली ७ डीबी कमी दाखवत असेल तर आपली ८ डीबीआय. साध्या डायपोलचा २.१५ असतो हे लक्षात ठेवलं की कोणी छोट्याशा चिप अँटेनाचा ५ डीबीआय सांगितला की प्रश्न विचारायचं सुचतं. शेवटी आपली अँटेना ९० अंशात आडवी केली आणि सिग्नल धाडकन २० डीबीच्या वर पडला. पोलरायझेशन (लाटेची उभी-आडवी दिशा) आपण वाचलेलं असतं, पण खड्ड्यातल्या मीटरवर मॉड्यूल कोणत्या कोनात बसतं याचा विचार आमच्याकडे कोणी केला नव्हता.

इथे एक प्रश्न आला की अँटेना आणि हॉर्नमध्ये किती अंतर पाहिजे. त्याचं साधं सूत्र आहे, अँटेनाच्या सगळ्यात मोठ्या मापाचा वर्ग दुप्पट करून तरंगलांबीने भागायचं, त्याच्या पलीकडे फार फील्ड (far field, म्हणजे अँटेनापासून पुरेसं दूरचं क्षेत्र). १५ सेंटीमीटर तोंडाच्या हॉर्नला १० गिगाहर्ट्झवर दीड मीटर. मी मूळची जुन्नर तालुक्यातली, नारायणगावला जाता-येता खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे मी लगेच वहीत मांडलं: व्यास ४५ मीटर, १४२० मेगाहर्ट्झ, तरंगलांबी २१ सेंटीमीटर. उत्तर आलं १९ किलोमीटर. इतक्या लांब चेंबर तर सोडाच, टॉवर उभा करून पण मोजता येणार नाही. सरांना विचारलं, मग ती डिश मोजतात कशी? तर उत्तर असं की आकाशातले रेडिओ स्रोत वापरतात, ३सी४८, ३सी१४७, ३सी२८६ असे काही आहेत ज्यांची तीव्रता चांगली माहीत आहे, त्यांच्याकडे डिश वळवायची, थोडी इकडे तिकडे करून सिग्नल किती पडतो ते बघायचं, की बीम आणि संवेदनशीलता दोन्ही मिळतात. म्हणजे आमच्या चेंबरमध्ये जे काम हॉर्न करत होता तेच काम तिथे एखादी दूरची दीर्घिका करते. ३० डिश, त्यातल्या १४ मधल्या चौकोनात आणि बाकीच्या इंग्रजी वाय आकाराच्या तीन हातांवर, गोविंद स्वरूप यांनी तारांच्या जाळीची हलकी रचना वापरून त्या आपल्याकडच्या वाऱ्यात टिकतील आणि परवडतील अशा केल्या, हे मला गावाकडची म्हणून माहीत होतं. त्या मोजायच्या कशा हे मात्र त्या दिवशी कळलं. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, फेब्रुवारीच्या शेवटी, कोणाला जमलं तर मुलांना घेऊन जरूर जा, आणि तिथल्या लोकांना हाच प्रश्न विचारा, ते मनापासून सांगतात.

परत आल्यावर काय केलं ते पण लिहिते कारण त्यासाठीच गेले होते. पहिल्यांदा एक छोटा नॅनो व्हीएनए घेतला, काही हजारांत मिळतो, आमच्या ८६६ ला पुरतो, डायनॅमिक रेंज कमी आहे पण एस११ बघायला चालतो. मग अँटेना चार अवस्थांमध्ये मोजली: नुसतं बोर्ड, खोक्यात, मीटरवर, आणि मीटरवर झाकणाखाली. केबलवर मणी, रेफरन्स प्लेन सोल्डरच्या टोकापर्यंत आणलेला, सगळं शिकल्याप्रमाणे. नुसत्या बोर्डवर डिप ८६८ ला, एकदम सुंदर. खोक्यात ८५१. मीटरवर झाकणाखाली ८३८, आणि आम्हाला हव्या त्या ८६६ ला रिटर्न लॉस फक्त ३ डीबी, म्हणजे निम्मी पॉवर अँटेनात न शिरताच परत. स्प्रिंग अँटेनाची बँडविड्थ मुळातच अरुंद असते, त्यामुळे तेवढं सरकणं पुरेसं झालं. आम्ही आता मॅचिंगचे भाग बदलून बोर्ड मुद्दाम वरच्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलंय जेणेकरून शेवटच्या जागी बसल्यावर डिप ८६६ वर येईल. टेबलावर ते बोर्ड आता वाईट दिसतं, आणि हे प्रॉडक्शनच्या लोकांना पटवायला मला दोन मीटिंग लागल्या. अँटेना पितळेपासून जरा लांबही सरकवली. लोखंडी झाकण स्वतः जे अडवतं त्यावर ट्युनिंगचा उपाय नाही, तिथे फायबरची झाकणं लावायचं बोलणं चालू आहे. पण जे मीटर आधी गप्प होते त्यातले बरेच आता बोलतायत.

ज्यांना असा कोर्स करायचाय त्यांच्यासाठी थोडं. थिअरी विसरली असेल तरी जा, फक्त डीबी आणि तरंगलांबीचं गणित आधी हातात बसवून घ्या, म्हणजे पहिला दिवस वाया जात नाही. ज्या कोर्समध्ये इन्स्ट्रुमेंटला स्वतः हात लावू देतात तोच निवडा, आधी फोन करून एका यंत्रावर किती जण असतात ते विचारा, दोन-तीनच्या वर असतील तर दुसरा शोधा. लायसन्स न लागणाऱ्या बँडमधलं वायरलेस प्रॉडक्ट विकायचं असेल तर डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचं) ईटीए, म्हणजे उपकरणाची मान्यता, लागते, त्याच्या टेस्ट रिपोर्टमधले शब्द या कोर्सनंतर वाचता येतात हा एक वेगळा फायदा. आणि आपलं स्वतःचं बोर्ड न्या, पण नुसतं नाही, खोकं, बॅटरी, स्क्रू, ज्यावर बसणार ती वस्तू, सगळं न्या. शेवटच्या दुपारी आमच्याकडे ज्याला जे मोजायचं ते मोजू दिलं होतं आणि मॅडम स्वतः प्रत्येकाशेजारी उभ्या होत्या. मी बोर्ड आणि खोकं नेलं होतं, पितळी मीटर जड म्हणून पुण्यातच राहिला, नाहीतर ८३८ चा आकडा तिथेच मिळाला असता.